नदीकाठाचे पुनरुज्जीवन : साबरमती प्रकल्पाचे एक परीक्षण

१४११ मध्ये साबरमतीच्या पूर्वतीरावर वसलेल्या अहमदाबादचा नदीकाठ विकास प्रकल्प नागरी पुनरुज्जीवनाचा आदर्श म्हणून वारंवार पुढे ठेवला जातो. सुमारे ११ किलोमीटर लांबीच्या दोन्ही तीरांवर भिंती बांधून पात्र २६३ मीटर रुंदीचे करण्यात आले व त्यातून जवळपास २०० हेक्टर जमीन उपलब्ध झाली. २०१२ मध्ये खुल्या झालेल्या पदपथांमुळे शहराला मोठे सार्वजनिक स्थान लाभले, हे श्रेय निर्विवाद आहे.

तथापि काठावरील वस्त्यांतून हजारो कुटुंबे हलविली गेली. त्यांपैकी अनेकांना वटव्यासारख्या दूरच्या भागात पक्की घरे मिळाली. परंतु जुन्या शहरावर अवलंबून असलेला रोजगार व शेजार दुरावला. पात्रात दिसणारे पाणीही मुख्यत्वे नर्मदा कालव्याचे आहे. म्हणजेच येथे नदी आणि रहिवासी या दोहोंची जागा दृश्याने घेतली, असे म्हणावे लागते.

पुण्याच्या मुळा-मुठा प्रकल्पाचा आराखडा याच वास्तुसंस्थेने केलेला असल्याने हा प्रश्न महाराष्ट्रालाही टाळता येणार नाही. पुनरुज्जीवनाचे यश काठावर फिरावयास कितीजण येतात यावर नव्हे, तर तेथे पूर्वीपासून राहणाऱ्यांपैकी कितीजण राहू शकतात यावर ठरविले पाहिजे.