हाडे दाट झाली, पण मोडायची थांबली का?

गेल्या वर्षी आमच्या शाळेच्या सभागृहात एक मोफत ‘अस्थिघनता तपासणी शिबिर’ भरले होते. टाच एका यंत्रात ठेवायची आणि दोन मिनिटांत चिठ्ठी हातात. आमच्या एका ज्येष्ठ सहशिक्षिकेच्या चिठ्ठीवर ‘उणे २.६’ असा आकडा आला. शेजारच्याच टेबलावर एक पावडर विकायला ठेवली होती. सहा महिन्यांत घनता वाढेल, असे विक्रेता सांगत होता. बाईंनी डबा घेतला. दुसऱ्या दिवशी अकरावीतल्या एका मुलीने मला विचारले, “सर, घनता वाढली म्हणजे हाड मोडणार नाही, असं नक्की म्हणता येतं का?”

प्रश्न साधा आहे. पण याच प्रश्नाचे उत्तर शोधण्यात वैद्यकाची जवळजवळ तीस वर्षे गेली. ती हकिकत फ्लोराइडच्या गोळीची आहे. एखादा तर्क पायरीपायरीने बरोबर वाटत असूनही शेवटी चुकतो कसा, हे समजून घ्यायला याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

कल्पना कोठून आली?

पाण्यात फ्लोराइड जास्त असले की फ्लोरोसिस होतो, हे चंद्रपूर-यवतमाळकडच्या शिक्षकांना सांगायला नको. दातांवर डाग पडतात. मात्रा फार असेल आणि वर्षानुवर्षे पोटात जात असेल, तर सांधे आखडतात, पाठ वाकते. १९३७ साली तेव्हाच्या मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यातून अशा रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्यांच्या क्ष-किरण चित्रांत हाडे नेहमीपेक्षा दाट दिसत होती.

दुसरीकडे ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे अस्थिसुषिरता. यात हाड विरळ होते. पाळी बंद झाल्यावर इस्ट्रोजेन कमी होते, हाड झिजण्याचा वेग भरून येण्याच्या वेगापेक्षा वाढतो, आणि साध्या पडण्यानेही मणका, मनगट किंवा खुबा मोडतो. मग डॉक्टरांच्या मनात आले, की एका आजारात हाड दाट होते आणि दुसऱ्यात विरळ. तर पहिल्याचे कारण मोजून-मापून दुसऱ्यावर औषध म्हणून का वापरू नये? १९६१ पासून माणसांवर असे प्रयोग प्रसिद्ध होऊ लागले.

रसायनशास्त्रही अनुकूल होते. हाडातील खनिज मुख्यतः हायड्रॉक्सिॲपेटाइट. त्यातील हायड्रॉक्सिल गटाची जागा फ्लोराइड घेऊ शकते आणि तयार होणारे स्फटिक कमी विरघळतात. शिवाय हाड घडवणाऱ्या पेशींनाही फ्लोराइड चालना देते. १९८२ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी फ्लोराइड घेणाऱ्या स्त्रियांत मण्यांचे अस्थिभंग कमी आढळल्याचे प्रसिद्ध केले. मात्र त्या अभ्यासात स्त्रियांचे गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते. कोणाला कोणता उपचार मिळतो, हे जेथे निवडीवर अवलंबून असते, तेथे गट मुळातच सारखे होते का, ही शंका राहतेच.

चिठ्ठ्या टाकल्यावर

ही शंका त्याच संशोधकांनी फेडली, हे त्यांच्याविषयी आदराने सांगितले पाहिजे. त्यांची नवी चाचणी मार्च १९९० मध्ये प्रसिद्ध झाली. मण्याचा अस्थिभंग आधीच झालेल्या २०२ स्त्रिया निवडल्या. यदृच्छेने दोन गट केले. एका गटाला रोज ७५ मिलिग्रॅम सोडियम फ्लोराइड, दुसऱ्याला तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. कॅल्शियम मात्र दोन्ही गटांना सारखेच, रोज १५०० मिलिग्रॅम. मुदत चार वर्षे.

आधी घनतेचे निकाल पाहू. दुसऱ्या गटाच्या तुलनेत फ्लोराइडच्या गटात कमरेच्या मणक्यांची घनता ३५ टक्क्यांनी आणि मांडीच्या हाडाच्या मानेची १२ टक्क्यांनी वाढली. मनगटाच्या वरच्या बाजूला असलेल्या हाडाच्या दांड्यात ती ४ टक्क्यांनी घटली. चाचणी येथेच थांबवून लेख लिहिला असता, तर ‘मणके ३५ टक्के दणकट’ असा मथळा जगभर छापून आला असता.

आता अस्थिभंग. मण्यांचे नवे अस्थिभंग फ्लोराइडच्या गटात १६३, दुसऱ्यात १३६. हा फरक केवळ योगायोगाने पडू शकतो, म्हणून तो सोडून देऊ. पण फायदा झाला नाही, एवढे तरी नक्की. मणक्यांखेरीज इतर हाडांचे अस्थिभंग मात्र ७२ विरुद्ध २४, म्हणजे तिप्पट. हा फरक योगायोगाचा म्हणता येत नाही. शिवाय पोटाचा त्रास आणि पायांत वेदना यांमुळे मात्रा कमी करावी लागलेल्या स्त्रियाही फ्लोराइडच्याच गटात जास्त होत्या.

ज्यांना ‘नुसती’ गोळी मिळाली त्या स्त्रियांवर अन्याय झाला, असे चाचणीच्या आरंभी कोणालाही वाटले असते. प्रत्यक्षात सुदैवी त्याच ठरल्या.

असे का झाले?

हाड म्हणजे खनिजाचा ढीग नव्हे. कोलॅजेन या प्रथिनाच्या धाग्यांवर खनिज नीट रचले गेले, तरच हाड ताण आणि दाब दोन्ही सोसते. सिमेंट आणि सळया यांची उपमा येथे चालेल. फ्लोराइडने नवे हाड तयार होते खरे, पण त्याची वीण अव्यवस्थित असते आणि त्यात खनिज नीट भरले जात नाही. दुसरे असे, की मणक्यात आतला जाळीदार भाग जास्त असतो, तो वाढला. हातापायांच्या लांब हाडांचे बळ बाहेरच्या टणक भिंतीत असते. तेथे खनिज घटले. यंत्राने जे मोजले ते खरे होते. चूक होती ती खनिजाच्या मोजमापावरून बळाचा निष्कर्ष काढण्यात.

चाचणीच्या उणिवा

चिकित्सा करायची तर या चाचणीचीही केली पाहिजे. २०२ पैकी १३५ स्त्रियांनीच चार वर्षे पूर्ण केली. एक तृतीयांश स्त्रिया मध्येच गळाल्या. पोट आणि पाय दुखू लागल्यावर आपल्याला कोणती गोळी मिळते आहे, याचा अंदाज काहींना आला असणार. वरचे आकडे अस्थिभंगांचे आहेत, स्त्रियांचे नाहीत; एकाच स्त्रीला अनेक अस्थिभंग होऊ शकतात. आणि मात्रा एकच तपासली, तीही मोठी. ७५ मिलिग्रॅम सोडियम फ्लोराइडमध्ये सुमारे ३४ मिलिग्रॅम फ्लोराइड असते. पिण्याच्या पाण्यासाठी आपल्याकडची कमाल मर्यादा लिटरला १.५ मिलिग्रॅम आहे. असे पाणी दिवसाला तीन लिटर प्यायले, तरी पोटात ४.५ मिलिग्रॅमच जाते.

तेव्हा ‘मात्रा कमी केली तर?’ हा प्रश्न रास्त होता. १९९५ मध्ये सावकाश विरघळणाऱ्या, कमी मात्रेच्या गोळीने मण्यांचे अस्थिभंग कमी झाल्याचा एक निष्कर्ष आलाही. पण १९९८ मध्ये फ्रान्समधील ३५४ स्त्रियांच्या चाचणीत कॅल्शियम व ड जीवनसत्त्वाच्या जोडीला फ्लोराइड देऊन काही जास्त मिळाले नाही. २००० साली ११ चाचण्यांचा एकत्र हिशेब मांडला गेला, तेव्हाही तेच दिसले: कमरेच्या मणक्यांची घनता वाढते, मण्यांचे अस्थिभंग कमी होत नाहीत, आणि मोठ्या मात्रेने इतर अस्थिभंग वाढतात.

उलट उदाहरण

मग घनता मोजणे निरर्थक का? तसे नाही. घनता कमी असलेल्यांना धोका अधिक असतो, हे खरेच आहे. १९९६ मध्ये अॅलेंड्रोनेट या औषधाची २०२७ स्त्रियांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. तीन वर्षांत मणक्यांची घनता जेमतेम ६ टक्क्यांनी जास्त झाली. पण मण्याचा नवा अस्थिभंग झालेल्या स्त्रिया १५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आल्या. ३५ टक्के वाढीने जे साधले नाही, ते ६ टक्क्यांनी साधले.

येथेही आकडे जपून वाचावेत. याच चाचणीत खुब्याचे अस्थिभंग ‘निम्मे झाले’ असे म्हणता येते आणि ‘२.२ टक्क्यांवरून १.१ टक्क्यांवर आले’ असेही. दोन्ही विधाने खरी आहेत. जाहिरातीत पहिले असते. रुग्णाला निर्णय घेण्यासाठी दुसरे लागते.

वर्गात काय करावे?

कोंबडीच्या पायाची दोन सारखी हाडे घ्या. एक आठवडाभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा, मधून व्हिनेगर बदला. खनिज विरघळून हाड रबरासारखे वाकू लागेल. दुसरे शिक्षकाने स्वतः, उघड्यावर, निखाऱ्यात चांगले जाळावे. त्यातील प्रथिन जळून जाईल, आकार तसाच राहील, पण बोटाने दाबताच हाडाचा चुरा होईल. दुसऱ्यात खनिज जवळजवळ सगळे शिल्लक आहे, हे मुलांच्या लक्षात आणून द्या. मग फ्लोराइडचे दोन तक्ते फळ्यावर लिहा: आधी घनतेचा, नंतर अस्थिभंगांचा. पहिला तक्ता लिहून झाल्यावर औषध द्यावे की नाही, यावर हात वर करायला सांगा. दुसरा लिहून झाल्यावर पुन्हा सांगा.

आता बाईंच्या चिठ्ठीविषयी. उणे २.५ ही ऑस्टिओपोरोसिसची सीमारेषा जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने १९९४ मध्ये सुचवली. ती क्ष-किरणांनी खुबा, मणका किंवा मनगटाजवळ केलेल्या मोजमापाला लागू आहे; टाचेवर ध्वनिलहरींनी घेतलेल्या आकड्याला ती तशीच लावता येत नाही. बाईंना मी हे सांगितले आणि डॉक्टरांकडे नीट तपासणी करून घ्यायला सुचवले. डॉक्टरांनी दिलेले औषध मात्र असले लेख वाचून कोणी बंद करू नये.

पावडरीचा डबा त्यांनी प्रयोगशाळेत आणून दिला. त्यावर ‘घनता वाढवते’ असे ठळक छापले आहे. अस्थिभंगाविषयी एकही शब्द नाही. ही गोष्ट माझ्याआधी त्या अकरावीतल्या मुलीच्या लक्षात आली.