‘मूळ रूप’ म्हणजे नेमकं कुठल्या सालचं?

जुन्या वाड्यांच्या जतनावर लिहिताना एक वाक्य हमखास येतं: वास्तूला तिचं मूळ रूप परत मिळालं. हेच वाक्य थिसिसमध्ये लिहून बघा. गाइड पहिला प्रश्न विचारणार, मूळ म्हणजे कधीचं?

वाईजवळ मेणवलीत, कृष्णेकाठी नाना फडणवीसांचा चौकाचौकांचा वाडा आहे. तिथल्या घाटावर टांगलेली घंटा पोर्तुगीज चर्चमधली. १७३९ च्या वसई विजयानंतर मराठ्यांच्या हाती आलेली, असं सांगतात. तिच्यावर मेरी आणि बाळ येशू आहेत. आता हिचं मूळ रूप कुठलं, चर्चमधलं की घाटावरचं?

भिंतींचा प्रश्न आणखी अवघड. नाना १८०० मध्ये वारले आणि पोर्टलंड सिमेंटचं पेटंट १८२४ चं. म्हणजे अशा वाड्यात जिथे सिमेंट दिसेल, ते काम नानांनंतरचंच. एवढं आपण छातीठोकपणे म्हणू शकतो. उलटं मात्र खरं नाही. चुना दिसला म्हणून भिंत जुनी ठरत नाही, कारण आज चांगली दुरुस्ती चुन्यातच करतात. आणि ते बरोबरच आहे. सिमेंटच्या गिलाव्यातून ओल नीट बाहेर पडत नाही, मग क्षार आतल्या विटेत साठतात आणि वीट भुगा होऊन झडते.

गंमत बघा, दुरुस्ती जितकी उत्तम, तितका पुरावा पुसट! चुना घट्ट होताना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतो, त्यामुळे कार्बन-१४ ने त्याचं वय काढता येतं. पण त्यासाठी भिंत खरवडावी लागते. शिवाय साधारण १६५० नंतरच्या तीन शतकांत कॅलिब्रेशनचा आलेख इतकी वळणं घेतो की नेमकं साल हाती लागणं कठीण.

म्हणून माझी तक्रार कारागिरांवर नाही, लिहिणाऱ्यांवर आहे. १९६४ चा व्हेनिस चार्टर सांगतो की जिथे अंदाज सुरू होतो तिथे थांबा, नवा भाग ओळखू येऊ द्या आणि कामाची नोंद ठेवा. आपल्याकडच्या कौतुकाच्या लेखांत आधीचे-नंतरचे फोटो असतात, पण कुठला खांब बदलला, चुन्यात वाळू किती घातली, यातलं काही नसतं. मेथड्स सेक्शन गायब असलेला पेपर आपण वाचला असता का?

बदललेल्या खांबाच्या न दिसणाऱ्या बाजूला साल कोरायला सुताराला पाच मिनिटं लागतात.