चालले म्हणजे जमले का?

अजिंठ्याची लेणी पाहायला आलेला प्रवासी चित्रांपाशी रेंगाळतो आणि २४ व्या लेण्यावरून भरभर पुढे जातो. हे लेणे अपुरे राहिले आहे. पण शिक्षकाने नेमके तिथे थांबावे. कारागीर छताकडून खाली कसे उतरत गेले, खांबांचे ओबडधोबड ठोकळे आधी आणि नक्षी मागाहून कशी आली, हा कामाचा क्रम पुऱ्या झालेल्या लेण्यात झाकला जातो. अपुऱ्या लेण्यात तो उघडा राहतो.

विज्ञानशिक्षकांच्या एका लहानशा शिबिरासाठी आम्ही अजिंठ्याला गेलो, तेव्हा हाच विचार मनात होता. तयार संगणक-आज्ञावली सगळेच वापरतात. मुक्तस्रोत आज्ञावलीचा मूळ मजकूर घेऊन ती विंडोजवर स्वतः कंपाइल करायची, म्हणजे माणसाला वाचता येणाऱ्या मजकुराचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करायचे, असे ठरले. निवड केली 'कर्ल'ची. स्वीडनचे डॅनियल स्टेनबर्ग १९९८ पासून या नावाने ती विकसित करीत आहेत. दूरच्या संगणकावरून माहिती आणणे आणि तिकडे पाठवणे हे तिचे काम. २०१८ पासून ती विंडोज १० सोबत तयारच मिळते. मग घडवायची कशाला? गणिताचे उत्तर पुस्तकाच्या शेवटी छापलेले असते, तरी आपण मुलांना गणित सोडवायला लावतोच ना!

वाटेत कोणी वाचू नये म्हणून माहिती कूटबद्ध करून पाठवायची, तर कर्लला दुसऱ्या एका संचाची मदत लागते. आम्ही 'ओपनएसएसएल' घेतला. ऑस्ट्रेलियातील एरिक यंग आणि टिम हडसन यांच्या आधीच्या कामातून हा प्रकल्प १९९८ च्या डिसेंबरात उभा राहिला. त्याच्या मूळ मजकुरासोबत विंडोजसाठी टिपणे येतात. ती प्रामाणिक आहेत. पर्ल, मायक्रोसॉफ्टचा सी कंपायलर आणि 'नॅझम' हा असेंब्लर एवढे लागते, हे ती स्पष्ट सांगतात. नॅझम नसेल तर त्यावाचूनही काम होते, फक्त वेग कमी मिळतो. शिवाय घडवलेला संच तपासण्यासाठी चाचण्याही सोबत असतात. आमची तक्रार या टिपणांविषयी नाही. त्यांच्यावरून पुढे ज्या 'पाककृती' तयार होतात, त्यांच्याविषयी आहे.

अशीच एक पाककृती आम्ही वाटली होती. ३२ बिटांचा एक भाग आणि ६४ बिटांचा दुसरा जोडू पाहिल्याने अर्धा दिवस गेला, पण अखेर कर्ल तयार झाला. जोडणी करू गेलो तर नकार आला: समोरच्याचे प्रमाणपत्र पडताळता येत नाही. पाककृतीत यावर उपाय होताच. पडताळणी बंद करणारा एक पर्याय द्यावा. तो दिला, माहिती आली, टाळ्या पडल्या. आम्हीही वाजवल्या, हे कबूल केले पाहिजे.

घडले काय होते? कूटबद्ध जोडणीत दोन गोष्टी असतात. पहिली, बोलणे तिसऱ्याला कळू नये. दुसरी, ज्याच्याशी बोलतो तो तोच आहे याची खात्री पटावी. दुसरी सोडली की पहिलीला अर्थ उरत नाही. पत्र लखोट्यात घालून लाखेने बंद केले आणि दारात आलेल्या पहिल्याच अनोळखी माणसाच्या हाती दिले, तसे ते झाले. ओपनएसएसएलसोबत विश्वासार्ह प्रमाणकर्त्यांची यादी येत नाही. ती वेगळी मिळवून कर्लला दाखवावी लागते. म्हणजे कर्लने दिलेला नकार अगदी बरोबर होता. आम्ही पहारेकऱ्यालाच झोपवले.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. २०१९ च्या जूनमध्ये कर्लच्या विंडोजसाठी अधिकृतपणे तयार केलेल्या प्रतींतला एक दोष जाहीर झाला. ओपनएसएसएल आपली मांडणीची फाइल 'यूएसआर-लोकल' या मार्गावर शोधत असे. युनिक्स घराण्यातील प्रणालींत तिथे सहसा व्यवस्थापकालाच लिहिता येते. विंडोजवर मात्र तोच मार्ग सी ड्राइव्हवरचा एक साधा फोल्डर ठरतो, आणि तो कोणताही सामान्य वापरकर्ता तयार करू शकतो. त्याने तिथे आपली फाइल ठेवली, की पुढे कर्ल चालवणाऱ्याच्या अधिकाराने त्याची आज्ञावली चालणार. जुलैअखेरीस ओपनएसएसएलनेही याविषयी सूचना काढली. कूटलेखनाचे गणित कुठेही चुकले नव्हते. एका घरची सवय दुसऱ्या घरी तशीच नेली, एवढेच. एकाच संगणकावर दिवसभरात अनेक वर्ग बसतात आणि संध्याकाळी त्यावरूनच शिक्षक गुण पाठवतात, अशा शाळेला हा धोका दूरचा वाटू नये.

मुक्तस्रोताची थोरवी सांगताना 'मजकूर सर्वांसमोर आहे' असे आपण म्हणतो. ते खरेच आहे. पण मजकूर आणि चालणारी आज्ञावली यांच्यामध्ये घडण असते, आणि पाककृती तीच झाकून टाकते. काय टंकायचे ते ती सांगते. का, ते सांगत नाही. कृती पाठ, तत्त्व कोरे, ही आपल्या प्रयोगवह्यांची जुनी व्याधी इथेही आहे.

म्हणून शिक्षकमित्रांना आमची सूचना आहे. असा प्रयोग करून घ्या, पण 'चालले' इथे थांबू नका. कर्लला त्याची आवृत्ती विचारा. कूटलेखनाचा कोणता संच जोडला गेला ते तो स्वतः सांगतो. मांडणीची फाइल कुठे शोधली जाते आणि तिथे कोणाला लिहिता येते, ते मुलांकडून तपासून घ्या. आणि शेवटी नकाराची चाचणी घ्या. मुद्दाम मुदत संपलेले प्रमाणपत्र ठेवलेली चाचणीस्थळे उपलब्ध आहेत. तिथे जोडणी करून पाहा. प्रत्येक द्रावणात लाल होणारा लिटमस आपण फेकून देऊ. तसेच, प्रत्येक जोडणीला होकार देणारी आज्ञावली सुरक्षित म्हणता येत नाही.

आम्ही दुसऱ्या दिवशी ही चाचणी घेतली. आदल्या दिवशी टाळ्या मिळवलेल्या त्या आज्ञेने मुदत संपलेले प्रमाणपत्रही बिनतक्रार मान्य केले. मग प्रमाणकर्त्यांची यादी आणून जागेवर ठेवली आणि पडताळणी बंद करणारा पर्याय काढून टाकला. आता त्याच स्थळी कर्लने साफ नकार दिला. या वेळी टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. पण वह्यांत नोंदी मात्र सगळ्यांनी केल्या.