दोन बायका, दोन गिटारी, सहा गाणी

दलित साहित्याची चर्चा निघाली की आपण अमेरिकेतल्या काळ्यांच्या साहित्याचा हवाला देतो. 1972 साली उभ्या राहिलेल्या पँथरने नावच तिकडून घेतले. तेव्हा हे स्वाभाविक आहे. पण हा हवाला बहुधा पुस्तकांचा असतो. राइट, बाल्डविन झाले की आपण थांबतो. जिच्या वाट्याला छापखाना आलाच नाही त्या काळ्या बाईचा आविष्कार शोधायचा कुठे? गीशी वायली आणि एल. व्ही. थॉमस यांची गाणी ऐकताना हा प्रश्न मला टाळता आला नाही.

1930 साली या दोघी विस्कॉन्सिनमधल्या ग्राफ्टन गावी पॅरामाउंट कंपनीसाठी गायल्या. कंपनीचे मालक मूळचे खुर्च्या बनवणारे. ग्रामोफोनची कपाटे खपावीत म्हणून त्यांनी तबकड्या काढल्या. म्हणजे काळ्यांची वेदना ही लाकडी सामानाबरोबर विकायची वस्तू! वर महामंदी. दोघींच्या मिळून सहाच बाजू निघाल्या आणि त्यांच्या मूळ प्रती आज बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. आपण ऐकतो ते त्या झिजलेल्या प्रतींवरून पुन्हा उतरवलेले.

'लास्ट काइंड वर्ड्स ब्लूज'मध्ये जर्मनीच्या लढाईवर निघालेला माणूस आपल्या मागे आपल्या देहाचे काय करावे ते सांगतो. वायली हे रडून गात नाही. निरोप जसाच्या तसा पोचवावा तशी ती गाते, आणि म्हणूनच तो अंगावर येतो. खालून थॉमसची गिटार चालत असते. पुढे पुढे करत नाही, पण एकटेही सोडत नाही. 'मदरलेस चाइल्ड'मध्ये थॉमस गाते. 'पिक पुअर रॉबिन क्लीन'मध्ये तर आधी दोघींच्या गप्पाच ऐकू येतात. एका जात्यावर बसलेल्या दोघींचे जसे असते तसे हे आहे. श्रोता त्यांनी गृहीत धरलेलाच नाही.

गोऱ्या संग्राहकांनी या गाण्यांना 'गूढ' म्हटले. मला हा शब्द खटकतो. मरण कुठे येईल आणि माती कोण देईल, हा ज्यांचा रोजचा हिशेब आहे त्यांना यात गूढ काय वाटणार? बायकांची माहिती नव्हती, ती उणीव गाण्यालाच चिकटवली गेली. आपल्याकडेही प्रस्थापित समीक्षक न कळलेल्या अनुभवाला 'आदिम' म्हणून मोकळे होतातच.

बरे, माहिती अगदीच नव्हती असेही नाही. 1961 साली मॅक मॅकॉर्मिक या संशोधकाने ह्यूस्टनमध्ये थॉमसबाईंची मुलाखत घेतली होती. ती अर्धशतकाहून अधिक काळ त्याच्या दप्तरात पडून राहिली. 2014 साली जॉन जेरेमाया सलिव्हन यांच्या लेखातून लोकांपुढे आली. तेव्हा कळले की तबकडीवर छापलेले 'एल्वी' हे नावच चुकीचे होते. ती एल. व्ही. होती. शाळेच्या दाखल्यावर आणि मस्टरवर आपल्या आयाबापांच्या नावांचे काय झाले हे ठाऊक असलेल्या वाचकाला याचा अर्थ उलगडून सांगायला नको.

संशोधक दारात आला तेव्हा तिने ब्लूज केव्हाच सोडले होते. ती चर्चमध्ये गात होती. 1979 साली ती वारली. वायलीचा शेवट कुठे झाला याचा पक्का पत्ता अजून लागलेला नाही.