बालसखीचा पुरावा आणि शाळेची निवड

वंचित मुलांसाठी शाळेने कोणता उपक्रम स्वीकारावा, ह्या प्रश्नाला ‘ज्याची उपयुक्तता प्रयोगाने सिद्ध झाली आहे तो’ असे उत्तर हल्ली सर्रास दिले जाते. उत्तर वरकरणी निर्विवाद आहे. परंतु प्रयोगाने नेमके काय सिद्ध झाले, हे मूळ निबंध बारकाईने वाचल्यावाचून कळत नाही. महाराष्ट्रात अशा चर्चेत ज्याचा दाखला हटकून निघतो, तो बालसखी-प्रयोग भाषाशास्त्राच्या दृष्टीने तपासून पाहणे म्हणूनच अगत्याचे आहे.

मुंबईत १९९० च्या दशकात उदयास आलेल्या ‘प्रथम’ ह्या संस्थेने मुंबई व वडोदरा येथील नगरपालिका शाळांत २००१ ते २००३ ह्या काळात हा उपक्रम चालविला. तिसरी-चौथीतील मागे पडलेल्या पंधरा ते वीस मुलांचा गट शाळेच्या वेळातच दोन तास वेगळा काढावयाचा आणि त्यास वस्तीतीलच एका शिकलेल्या तरुणीने, म्हणजे बालसखीने, अक्षरओळख व अंकगणित शिकवावयाचे, अशी त्याची रचना होती. अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डुफ्लो व ली लिंडन ह्यांनी त्याचे केलेले मूल्यमापन २००७ मध्ये ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स’ ह्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. कोणत्या शाळेत तिसरीस बालसखी मिळावी व कोणत्या शाळेत चौथीस, हे यदृच्छेने ठरविल्यामुळे एकही शाळा सर्वस्वी वंचित राहिली नाही आणि तुलनाही शुद्ध राहिली. संशोधनाची नीती आणि संशोधनाची शिस्त ह्यांचा असा मेळ क्वचितच दिसतो.

निष्कर्ष ठळक होते. पहिल्या वर्षी ०.१४ आणि दुसऱ्या वर्षी ०.२८ प्रमाण विचलन इतकी गुणवाढ झाली. ०.२८ ह्या आकड्याचा साधा अर्थ असा की, शंभर मुलांच्या क्रमवारीत मधोमध असलेले मूल सुमारे अकरा पायऱ्या वर सरकले. दरमहा ५०० ते ७५० रुपयांच्या मानधनावर एवढे साधत असेल, तर कोणत्याही प्रशासकास त्याचा मोह पडावा. मात्र ज्या सारांशांच्या आधारे निवड होते, त्यांत दोन गोष्टी बहुधा गळून पडतात. उपक्रम संपल्यावर एका वर्षाने ही वाढ सुमारे ०.१० पर्यंत उतरली, ही एक. आणि वर्गात मागे राहिलेल्या, बालसखीकडे न गेलेल्या मुलांना वर्गाची संख्या घटूनही लाभ झाला नाही, ही दुसरी. लेखकांनी ह्यावरून जो तर्क केला तो योग्यच आहे : लाभ झाला तो बालसखीच्या अध्यापनामुळे.

परंतु त्या अध्यापनात काय काय होते? लहान गट होता, पातळीनुसार केलेली विभागणी होती, प्राथमिक कौशल्यांवर भर होता. आणि शिकविणारी व्यक्ती मुलांच्याच वस्तीतील होती. मुलांना ती कोणत्या भाषेत समजावीत होती, मूल घरच्या शब्दाने उत्तर देई तेव्हा ती काय करीत होती, हा घटक निबंधात वेगळा काढून तपासलेला नाही. अर्थशास्त्रज्ञांकडून तशी अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. तथापि त्यामुळे जे सिद्ध झाले ते एका संयुक्ताचे कार्य होय. त्यातील कोणते द्रव्य परिणामकारक ठरले, हे प्रयोग सांगत नाही. पुढे ह्याच पद्धतीचे प्रयोग इतर राज्यांत झाले, तेव्हा बिहार व उत्तराखंडात सरकारी शिक्षकांना साहित्य आणि प्रशिक्षण दिल्याने काहीच फरक पडला नाही. बिहारमध्ये गावातील स्वयंसेवक शिकवू लागले तेथे मात्र पडला. शिक्षकांचा वेळ, देखरेख, अभ्यासक्रमाचे ओझे अशी त्याची अनेक कारणे संभवतात. पण वाहक बदलला की फळ बदलते, एवढे तरी त्यावरून दिसते.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या शाळांना हा मुद्दा तात्त्विक नाही. डोंबिवलीच्या परिसरातील गावांत आगरी बोलणारी मुले आहेत; चाळींत व झोपडपट्ट्यांत हिंदी, भोजपुरी, बंजारा बोलणारी आहेत. आगरीत प्रमाण मराठीतील ‘ळ’चा ‘ल’, ‘ण’चा ‘न’ आणि स्वरांमधील ‘ड’चा ‘र’ होतो. पाटीवरील ‘घोडा’ हा शब्द आगरी मुलाने ‘घोरा’ असा उच्चारला, तर त्याला वाचता आले की नाही? त्याने अक्षरे ओळखली, शब्द जोडला, अर्थही त्यास कळला. केवळ आपल्या बोलीच्या ध्वनिनियमाने तो उच्चारला. हिंदी बोलणारे मूल मात्र ‘चमचा’तील दोन्ही ‘च’ सारखेच तालव्य उच्चारील आणि कदाचित शब्दाचा अर्थ न कळताही उत्तीर्ण होईल. ‘असर’च्या पाहणीमुळे २००५ पासून सर्वपरिचित झालेली वाचनचाचणी अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट अशा पायऱ्यांची आहे. साधेपणा हा तिचा मोठा गुण आहे. कोणाही पालकास ती समजते. पण मुख्यत्वे उच्चारलेल्या वाचनावर बेतलेले असे माप हाच उपक्रम निवडण्याचा निकष झाला, की बोलीचे अंतर आणि वाचनाची उणीव एकाच रकान्यात जमा होतात. हा प्रश्न इतरत्र न्यायालयापर्यंत गेलेला आहे. अमेरिकेतील ॲन आर्बर येथील कृष्णवर्णीय मुलांच्या खटल्यात १९७९ मध्ये, वाचन शिकविताना शाळेने मुलांची घरची बोली विचारात घेतली पाहिजे, असा निर्णय झाला.

पूर्वी ठाणे जिल्ह्यात असलेल्या आणि २०१४ पासून पालघर जिल्ह्यात मोडणाऱ्या वाडा तालुक्यात ह्याच संदर्भातील महत्त्वाचे संशोधन झाले आहे. शैलजा मेनन व त्यांच्या सहकाऱ्यांनी वाडा आणि कर्नाटकातील यादगीर येथील मुलांचा पहिली ते तिसरी असा सलग तीन वर्षे मागोवा घेतला. त्याचा अहवाल २०१७ मध्ये निघाला. वर्णमाला, बाराखडी आणि फळ्यावरून नक्कल ह्यांत वर्गाचा वेळ कसा खर्ची पडतो आणि मुलाच्या तोंडच्या भाषेला व अर्थग्रहणाला किती थोडी जागा उरते, ह्याचे चित्र त्यात आहे. हा अहवाल कोणत्याही उपक्रमास ‘सिद्ध’ असे प्रमाणपत्र देत नाही, म्हणून निवडीच्या याद्यांत तो येत नाही. पण कल्याणच्या मुख्याध्यापकास सरासरी गुणवाढीच्या आकड्यापेक्षा त्याचाच उपयोग अधिक होईल. (अ. मा. घाटगे ह्यांनी साठच्या दशकात सिद्ध केलेली मराठी बोलींची पाहणीही ग्रंथालयांच्या कपाटांतच राहिली. बोलींचे ज्ञान शिक्षकांपर्यंत पोहोचविण्याची जबाबदारी विद्यापीठांच्या भाषाविभागांनी झटकली आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.)

यादीचा आग्रह आणखी एका ठिकाणी अडतो. ठाण्यात तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली समर्थ भारत व्यासपीठ आणि महापालिका ह्यांनी २०१६ मध्ये सिग्नल शाळा सुरू केली. तेथील मुले बहुतांशी स्थलांतरित पारधी कुटुंबांतील. त्यांची घरची बोली गुजराती-भिलीशी नाते सांगणारी. एवढ्या थोड्या मुलांवर यदृच्छ निवडीचा प्रयोग होऊच शकत नाही. तेव्हा निधी केवळ सिद्ध उपक्रमांनाच द्यावयाचा असे ठरले, तर ज्यांची भाषा शाळेपासून सर्वांत दूर, त्यांनाच तो मिळणार नाही.

निधीची व्यवस्थाही ह्या प्रश्नाकडे पाठ फिरवून उभी आहे. इंग्लंडमध्ये २०११ पासून गरीब मुलांच्या संख्येनुसार शाळेस जादा रक्कम मिळते, आणि त्याच वर्षी स्थापन झालेली एज्युकेशन एंडाउमेंट फाउंडेशन ही संस्था उपक्रमाचा खर्च, परिणाम व पुराव्याचे बळ शेजारी-शेजारी मांडून दाखविते. म्हणजे तेथे निवड करणाऱ्याच्या हाती पैसा असतो. समग्र शिक्षा योजनेच्या २०१८ च्या आराखड्यातील संयुक्त शाळा अनुदान पटसंख्येवर ठरले : शंभर ते अडीचशे मुलांच्या शाळेस ५०,००० रुपये, हजारांवर पट असल्यास १,००,०००. मुलांत आगरी किती, पारधी किती, हे त्या हिशेबात येत नाही. दुरुस्ती, वीज, पाणी, स्वच्छता, अध्ययनसाहित्य ह्यांत ते संपते. कंपनी कायदा, २०१३ अन्वये कंपन्यांकडून येणारा निधी बहुधा संस्थेमार्फत, उपक्रमासकट येतो. शाळेने त्यास होकार द्यावयाचा एवढेच उरते. अशा वेळी मुख्याध्यापकाने संस्थेस तीन गोष्टी विचाराव्यात : शिकविणारी व्यक्ती मुलांची बोली जाणते काय, चाचणीत बोलीचा उच्चार चूक धरला जातो काय, आणि उपक्रम संपल्यावर वर्षाने मुलांची पुन्हा तपासणी झाली आहे काय. वस्तीतील एका तरुणीचे मानधन हा बालसखी-प्रयोगातील मुख्य खर्च होता. संयुक्त अनुदानात त्यासाठी बाब नाही.