आकडा वाढला, पण कोणाचा?

संशोधनाच्या तयारीत असाल तर कावेरीतल्या महसीर माशावरचे दोन पेपर एकापाठोपाठ एक वाचा. दोन्ही 2015 चे, पिंडर, राघवन आणि ब्रिटन यांचे. नदी एक, माहिती एक, आणि चित्र मात्र उलटं.

माहिती कुठून आली ते आधी बघू. कर्नाटकात गलिबोरे इथल्या कॅम्पवर हौशी गळकरी मासे पकडून, वजन करून परत नदीत सोडत आणि त्याची नोंद ठेवत. 1998 ते 2012 या काळात 23,620 तासांच्या गळटाकीत 6,161 महसीर सापडले. पहिल्या पेपरात दिसतं की तासामागे मिळणारे मासे वाढले आणि सरासरी वजन घटलं. म्हणजे लहान मासे भरपूर, पैदास जोरात. तुम्ही-आम्हीही हेच लिहिलं असतं ना?

दुसऱ्या पेपरात त्याच नोंदी दोन गटांत विभागल्या: कुबडाचा महसीर आणि निळसर परांचा महसीर. कुबडाचा हा फक्त कावेरी खोऱ्यातला. त्याची संख्या घटत होती आणि सापडणाऱ्यांचं सरासरी वजन वाढत होतं. म्हातारे उरले होते, पिल्लं येत नव्हती. वाढ होती ती सगळी निळ्या परांच्या महसीरची.

हा दुसरा आला कुठून? तर आपल्याकडून! साइक्सने 1839 मध्ये पुण्याच्या मुळा-मुठेतून वर्णन केलेला हा मासा. लोणावळ्याला टाटांच्या केंद्रात त्याची कृत्रिम पैदास झाली आणि तिथलं बीज कावेरीतही सोडलं गेलं. हेतू महसीर वाचवण्याचाच होता. पण ‘महसीर’ या एका शब्दाखाली दोन जाती आहेत, हे कोणी तपासलं नाही.

कुबडाच्या माशाला तर तेव्हा पक्कं शास्त्रीय नावही नव्हतं. 2018 मध्ये तो ‘टॉर रेमादेवी’ असल्याचं सिद्ध झालं. हे नाव 2007 मध्येच केरळातल्या पांबार नदीतल्या लहान माशांवरून दिलेलं होतं. नाव जुळल्यावरच आययूसीएनच्या यादीत त्याची ‘अतिसंकटग्रस्त’ अशी नोंद झाली. ज्याला नाव नाही, त्याला यादीत तरी कसं घालणार?

आता माझा आक्षेप. निळ्या परांचा वाढला आणि कुबडाचा घटला, हे एकाच काळात घडलं. पण एकामुळे दुसरं घडलं, हे या नोंदींतून सिद्ध होत नाही. धरणं, वाळूउपसा, सुरुंग लावून मासेमारी हेही त्याच नदीत चालू होतं. शिवाय नोंदी नदीच्या एकाच पट्ट्यातल्या, आणि गळकरी मोठ्या माशामागे जाणारा. पेपर वाचताना ‘बाहेरच्या माशाने स्थानिकाला हटवलं’ असं वाक्य मनात तयार होतं. ते वहीत उतरवताना पुढे प्रश्नचिन्ह टाका.

तरीही दुसरा पेपर मला मोलाचा वाटतो. लेखकांनी स्वतःचीच आकडेवारी पुन्हा उघडली. तुमचा आलेख वर जाताना दिसला की खूश व्हा, हरकत नाही. पण प्रबंधात टाकण्याआधी एकदा विचारा: मी नेमकं काय मोजलं?