‘वस्ती’ आणि बाहुसच्च

मंगलसुत्तात ‘बाहुसच्च’ आणि ‘सिप्प’ हे दोन शब्द लागोपाठ येतात. पहिला बहुश्रुततेचा, दुसरा हातच्या कसबाचा. परित्राणपाठात ही गाथा आपण मुखोद्गत म्हणतो. ही दोन मंगले शेजारी का बसविली असावीत, याचा विचार मात्र क्वचित करतो. ज्या समाजव्यवस्थेने ग्रंथ एकाच्या हाती आणि श्रम दुसऱ्याच्या माथी दिले, तिच्यात हा शेजार साधा नव्हे. वसंत मून यांचे ‘वस्ती’ हे आत्मकथन (ग्रंथाली, 1995) या दोन शब्दांच्या आधारे वाचून पाहावे, एवढाच प्रस्तुत लेखनाचा हेतू आहे.

आधी कसबाविषयी. नागपूरच्या उत्तरेस कन्हानकाठी वसलेले खापा हे विणकरांचे जुने गाव. 1867 पासून तेथे नगरपालिका आहे. हातमागाच्या घरातील मूल प्रथम कांड्या भरावयास शिकते, मग ताण्याचे तुटलेले सूत सांधावयास. धोटा हाती येतो तो बराच पुढे. हे शिक्षण कधी ‘पूर्ण’ होत नाही. नव्या सुताबरोबर, नव्या किनारीबरोबर हाताला पुन्हा शिकावे लागते. या प्रदेशातील महार समाजही एके काळी जाडेभरडे कापड विणीत असे. 1877 मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. गिरणीच्या कापडापुढे ते विणकाम मागे पडत गेले आणि विणणारे हात गिरणीत मजूर म्हणून उभे राहिले. कसब असे हातचे गेले; बहुश्रुततेची दारे तर आधीपासूनच बंद होती. ती उघडण्याचे प्रयत्न बाबासाहेबांच्या चळवळीपूर्वीच या भागात सुरू झाले होते. याच जिल्ह्यातील मोहप्याच्या किसन फागू बनसोडे यांनी 1907 साली नागपुरात मुलींची शाळा काढली, पुढे छापखाना घातला, पत्रे चालविली. मून यांची वस्ती या पार्श्वभूमीवर उभी आहे.

मून यांचा जन्म 1932 चा. ‘वस्ती’ वाचताना प्रथम जाणवते ते निवेदकाचे मागे सरणे. पहिलवान, गुंड, भजनी मंडळी, संगीत मेळे, समता सैनिक दल, काबाडकष्ट करणारी आई, यांच्या गर्दीत तो अनेकदा दिसेनासा होतो. उपासमार आहे, अपमान आहेत. पण ‘बलुतं’ (1978) नंतर दलित आत्मकथनाकडून वाचकाने जो विदारक सूर गृहीत धरला, तो येथे प्रधान नाही. याला कोणी उणीव म्हणेल. आम्हास तो पुस्तकाचा कणा वाटतो. हा मुलगा शाळेत शिकतो तसाच आखाड्यात, मेळ्यात आणि दलाच्या कवायतीतही शिकतो. ‘बाहुसच्च’ या शब्दात मुळी ‘श्रुत’ आहे. पुष्कळ ऐकलेला तो बहुश्रुत. अक्षरशत्रू म्हणून हिणविलेल्या माणसांनी मेळ्यांची पदे आणि सभांतील भाषणे ऐकून जे ज्ञान साठविले, त्याला शिक्षण म्हणण्यास आपण कचरतो. ‘वस्ती’ कचरत नाही. गेल ऑम्वेट यांनी या पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर 2001 मध्ये केले. त्याचे नाव ‘ग्रोइंग अप अनटचेबल इन इंडिया’. मराठी नावात सबंध वस्ती होती. इंग्रजी नावात एकट्या माणसाचे वाढणे आले आणि त्याची अस्पृश्यता पुढे आली. नावाच्या या बदलात पुस्तकाचा अर्धा अर्थ निसटला आहे.

मात्र वस्तीच्या या शाळेत स्त्रिया कितपत होत्या, हा प्रश्न टाळता येत नाही. आखाडा आणि दल ही मुख्यतः पुरुषांची क्षेत्रे. याच नागपुरात वाढलेल्या कौसल्या बैसंत्री यांचे हिंदीतील ‘दोहरा अभिशाप’ (1999) शेजारी ठेवले की चित्र बदलते. आईवडील एम्प्रेस मिलमध्ये राबणारे. बाबासाहेबांचे भाषण ऐकून मुलींना शिकविण्याचा निश्चय आई करते आणि लोकांच्या टोमण्यांना न जुमानता तो पाळते. श्रवणातून आलेले ज्ञान येथे मुलींच्या दप्तरापर्यंत पोहोचते. मून यांच्या पुस्तकातील आईचे कष्ट आपल्याला दिसतात, तिचे मन तितकेसे कळत नाही. दोन्ही पुस्तके जोडीने वाचली जावीत. एक मराठीत आणि एक हिंदीत असल्याने आपल्या अभ्यासवर्गांतून ती सहसा जोडीने येत नाहीत, ही खेदाची गोष्ट आहे.

‘शिका’ या शब्दाचा अर्थ आपण हळूहळू पदवी आणि नोकरी इथवर आकसून घेतला. नोकरीला नाके मुरडण्याचे कारण नाही. त्या पगारावर कित्येक घरांतील पहिली चूल नियमित पेटली. परंतु पालीत ‘सेख’ म्हणजे अद्याप शिकणारा, आणि ‘असेख’ म्हणजे ज्याचे शिकणे संपले तो अर्हत. परंपरेनुसार बहुश्रुतांत अग्रगण्य असलेले आनंद स्थविरही पहिल्या संगीतीच्या आदल्या रात्रीपर्यंत सेखच होते. या कसोटीवर पदवीदान समारंभाची प्रतिष्ठा बरीच उतरते.

मून स्वतः महसूल खात्यात अधिकारी झाले. पण त्यांचे खरे अध्ययन त्यानंतरचे. महाराष्ट्र शासनाने प्रकाशित केलेल्या बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचा पहिला खंड 1979 मध्ये आला आणि पुढील अनेक खंड त्यांच्याच संपादनाखाली सिद्ध झाले. 1998 च्या सोळाव्या खंडात बाबासाहेबांनी केलेला पाली शब्दकोश आणि पाली व्याकरण आहे. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या मिळविलेला, घटनेच्या मसुद्याचे ओझे वाहिलेला मनुष्य पालीच्या शब्दांचे अर्थ टिपत बसला होता, आणि ती टिपणे वस्तीत वाढलेल्या एका मुलाने मुद्रणासाठी लावली. ‘वस्ती’चा भर बालपणावर आणि तारुण्यावर असल्याने या संपादनकार्याची हकीकत तीत विस्ताराने येत नाही. 2002 मध्ये मून यांचे निधन झाले. फायलींच्या ढिगात हस्तलिखिते जुळविताना त्यांना काय नव्याने शिकावे लागले, हे त्यांच्याच शब्दांत वाचावयास हवे होते, असे सोळावा खंड चाळताना वाटत राहते.